फोटोतला मासा सकर नव्हे

महोदय,

तळ्यांत आणि नद्यांत सोडून दिलेल्या सकर या घरच्या टाकीत पाळायच्या माशांवरची बातमी आपल्या अंकात वाचली. मजकूर योग्यच आहे, पण सोबत ‘सकरचे पिल्लू’ म्हणून छापलेला फोटो सकरचा नाही. तो कोरिडोरस हस्टॅटस, म्हणजे ‘कोरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोरिडोरस माशांपैकी एक, आहे. ॲमेझॉन आणि पॅराग्वे नद्यांच्या खोऱ्यांतला हा मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम अडीच सेंटिमीटरचा.

दोघेही दक्षिण अमेरिकेतले, दोघांच्याही अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या. म्हणून गफलत होते. पण कोरीच्या प्रत्येक बाजूला पट्ट्यांच्या दोनच ओळी असतात, एक वरची आणि एक खालची. सकरच्या अंगावर त्याहून जास्त. कोरीला तोंडाशी बारीक मिशा असतात. सकरचे तोंड पोटाच्या बाजूला, काचेला चिकटणाऱ्या चकतीसारखे.

कोरींमधला हा हस्टॅटसच, हे शेपटी सांगते. तिच्या बुडाशी काळाभोर ठिपका आहे आणि त्याला पांढरी किनार. माडेरा नदीच्या खोऱ्यातला पिग्मियस असता, तर तोंडापासून शेपटीपर्यंत सलग काळी रेघ दिसली असती. ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या हॅब्रोससच्या अंगावर तुटक डाग असतात आणि तो तळ फारसा सोडत नाही. हस्टॅटस आणि पिग्मियस मात्र इतर कोरींसारखे वाळू उकरत बसत नाहीत, थव्याने पाण्याच्या मधल्या थरात फिरतात. हस्टॅटसची शास्त्रीय नोंद 1888 सालची, पिग्मियसची 1966 ची. 2024 मध्ये संशोधकांनी या दोघांना कोरिडोरसमधून काढून गॅस्ट्रोडर्मस या वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकले. दुकानदार अजून कोरीच म्हणतात, आणि मीसुद्धा.

एवढा कीस काढायचे कारण दुकानातच आहे. दोन इंची सकर ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जातो. तो तेवढाच राहील असे समजून लोक घरी नेतात, आणि फूटभर झाला की पिशवीत घालून जवळच्या तळ्यात सोडतात. आपला फोटो पाहिलेला माणूस हस्टॅटसला नाही म्हणेल आणि खरे सकरचे पिल्लू निर्धास्तपणे घेऊन जाईल.

कृपया दुरुस्ती छापावी. सोबत सकरचा फोटो द्याल तर काचेला चिकटलेल्या माशाचा, पोटाकडून काढलेला द्यावा.

– घरी मासे पाळणारा एक वाचक, ठाणे