इसाराआधी थोडं थांबा

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल म्हणून मीच सांगते. दिंडोरीच्या जमिनीचा इसार, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन करायचा विक्रीचा करार, या महिन्यात होणार नाही, असं मी काल एजंटला कळवलं. तुम्हाला न विचारता कळवलं. तुम्ही शब्द दिलाय, आणि काकांच्या वाटणीच्या वेळी शब्दापायी तुम्ही काय सोडलंत ते मी पाहिलंय. तुमचा शब्द मोडायचा नाहीये, फक्त कागद तुमच्या शब्दासारखा व्हायला हवा.

तुम्ही विकताय ओढ्याकडची दोन एकर, विहीर ठेवून. मसुद्यात अख्खा गट आहे, विहिरीसकट! 1872 चा करार कायदा म्हणतो, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. इथे तुमच्या मनातली जमीन वेगळी, त्यांच्या कागदातली वेगळी. शिवाय ‘उर्वरित रक्कम सोयीनुसार’. कुणाच्या सोयीनुसार? ज्याचा अर्थच नक्की करता येत नाही, असा करार कायदा मानत नाही.

आणि सही मागितली कुठे, तर दवाखान्यात, हाताला सलाईन असताना. दोन्ही बाजूंची माणसं सज्ञान आणि भानावर असावीत, होकार मोकळ्या मनाने दिलेला असावा, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, असं त्याच कायद्याचं कलम 10 सांगतं. मला त्यातलं मोकळं मन सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हातारपण, आजारपण, मनावरचा ताण यांचा गैरफायदा घेऊन सही घेतली, तर तो करार रद्द करून घेता येतो. पण त्यासाठी तुम्ही नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? मला ते बघवणार नाही.

दादाच्या लेकाची सही ‘संमती देणार’ म्हणून घ्यायची म्हणे. तो सोळाचा आहे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, 1903 मध्येच सांगून ठेवलंय. त्याला यात ओढू नका.

पैशाची घाई असेल तर ती सोडा. दवाखान्याचं बिल मी भरलंय, पुढच्या औषधांचंही बघते. पलंग खालच्या खोलीत आणायला सांगितलाय, म्हणजे जिना नको. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला माणूस शनिवारी येईल. द्राक्षाच्या हंगामात पहाटे मला घोंगडीत गुंडाळून बांधावर बसवायचात आणि पहिला गोड मणी माझ्याच तोंडात घालायचात ना? मग आता थोडं माझंही ऐका.

आई, एजंट आला तर चहा दे, पण सही नाही आणि इसाराचा एक रुपयाही घ्यायचा नाही. ₹500 चा स्टॅम्प आहे म्हणून कुठलाही कागद पक्का होत नाही, असं त्याला सांग. कुलमुखत्यारपत्राला, म्हणजे तुमच्या वतीने सह्या करायचा हक्क दुसऱ्याला देणाऱ्या कागदाला, तर हातच लावू नका. घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा पुरावा मागून ठेव. मसुदा मराठीत, मोठ्या अक्षरात हवा, त्यात चतुःसीमा, विहीर आणि पैशाच्या तारखा स्पष्ट हव्यात. मग बाबांनी तो स्वतः वाचायचा, बाबांना बरं वाटेल त्या दिवशी. वकिलांशी मी बोललेय, ते घरी येतील. एवढं सगळं झाल्यावरही विकायचीच असेल तर नोंदणीला मी स्वतः येईन. जमीन तुमची आहे, बाबा, शेवटचा शब्दही तुमचाच.

रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही.

तुमची,
छकुली