गुंठे नियमित झाले, पाण्याच्या खर्चाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने अध्यादेश काढून तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान जमिनीचे तुकडे पाडण्यास व विकण्यास मनाई करणाऱ्या कायद्यात, दुरुस्ती केली. 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार, ती जमीन अकृषिक वापराच्या क्षेत्रात येत असल्यास, कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. या दिलाशाला माझा विरोध नाही. आयुष्यभराच्या कमाईतून एक-दोन गुंठे घेतलेल्या, पण सातबाऱ्यावर ज्यांचे नाव मालकाच्या जागी न लागता इतर हक्काच्या रकान्यातच अडकून राहिले किंवा लागलेच नाही, अशा कंपनी कामगारांच्या, रिक्षाचालकांच्या आणि निवृत्त शिपायांच्या घरी मी जाऊन आले आहे. त्यांना मालकी मिळालीच पाहिजे. मात्र या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही, आणि मी 10 वर्षे ग्रामपंचायतीची सदस्य होते, त्यांतील बराच काळ गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर होते, म्हणून तो विचारण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे वाटते. जमिनीचा वापर बदलण्याचा निर्णय ज्या कार्यालयात होतो, त्या कार्यालयातील कागदावर त्या जमिनीवर राहायला येणाऱ्या माणसांच्या पाण्याचा, दिव्यांचा आणि गटाराचा खर्च कुठेच का लिहिलेला नसतो?

शहरालगतच्या गावात प्लॉटिंग कसे होते, हे दुरून पाहणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी 10 गुंठे आणि जिरायतीसाठी 20 गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकड्याचा दस्त होत नाही, म्हणून एकमेकांना न ओळखणारे दहा-अकरा जण मिळून सामाईक खरेदीखत करतात, किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे देऊन मोकळे होतात. विकणारा चुन्याची फक्की मारून प्लॉट आखतो, मधून दहा-बारा फुटांचा रस्ता सोडतो आणि एक बोअर घेऊन दाखवतो. पहिली दोन वर्षे त्या बोअरवर निघतात. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटते, टँकर सुरू होतो, आणि मग ती कुटुंबे ग्रामपंचायतीच्या दारात येतात. तोपर्यंत त्यांची घरे नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीला, लागलेली असतात, ती घरपट्टी भरत असतात, त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असतात आणि त्यांची नावे मतदार यादीत असतात. अशा माणसाला नळजोडणी नाकारणे कोणत्याही सदस्याला शक्य नसते, आणि माझ्या मते ते योग्यही नव्हे.

आता हिशोब पाहावा. 4 एकर म्हणजे 160 गुंठे. रस्ते व इतर जागा सोडून त्यात एक-एक गुंठ्याचे 120 प्लॉट बसतात असे धरले आणि प्रत्येक घरात 5 माणसे धरली, तर 600 माणसे झाली. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज 55 लिटर या निकषाने त्यांना रोज 33,000 लिटर पाणी लागेल. एका गटाचे (जमिनीच्या एका गट क्रमांकाचे) हे एवढे, आणि असे आठ-दहा गट ज्या गावाच्या शिवेत पाडले गेले आहेत, तिथे विहीर तीच, पंप तोच आणि जलकुंभही जुन्या लोकसंख्येवर काढलेल्या अंदाजपत्रकाचाच असतो. पंप सहा तासांऐवजी चौदा तास चालवावा लागतो, वॉलमनला पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत वस्तीवस्तीला पाणी सोडत फिरावे लागते, आणि महिन्याअखेरीस येणारे वीजबिल पाहून ग्रामपंचायत अधिकारी कोणता खर्च पुढे ढकलायचा याचा विचार करू लागतात.

हे बिल भरायचे कशातून? पथदिव्यांच्या आणि पाणी योजनांच्या थकीत बिलांवरून 2021 मध्ये राज्यभर वाद झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. अनेक गावांतील पथदिव्यांची वीज तोडली गेली आणि अखेर ही बिले 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत असे ग्रामपंचायतींना सांगण्यात आले. 2021-26 या काळातील त्या निधीचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होता आणि 40 टक्के अबंधित. पथदिव्यांचे बिल अबंधित भागातून गेले की रस्ता, अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचे शेड अशा कामांना हात आखडता घ्यावा लागतो. त्याहून गंभीर बाब अशी की, ही अनुदाने गावागावांत वाटताना आधार घेतला गेला तो 2011 च्या जनगणनेचा. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 2027 मध्ये व्हायची आहे. याचा अर्थ 2011 नंतर प्लॉटिंगमध्ये राहायला आलेला प्रत्येक माणूस गावाचे पाणी पितो, गावाच्या दिव्याखालून घरी जातो, परंतु त्याच्या वाट्याचे अनुदान गावाला मिळत नाही. ज्या गावाची वस्ती गेल्या 15 वर्षांत दुपटीने वाढली त्याला आणि ज्या गावातून माणसे शहरात निघून गेली त्याला एकाच जुन्या आकड्यावर पैसे देणे, हा त्या वाढलेल्या गावावर सरळसरळ अन्याय आहे.

स्वतःच्या उत्पन्नाचे म्हणाल, तर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी एवढीच काय ती साधने. त्यातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ती तरतूद योग्यच आहे आणि ती काटेकोरपणे खर्च व्हावी या मताची मी आहे. पण उरलेल्या रकमेत चौदा तास चालणाऱ्या पंपाचे बिल बसत नाही. येथे आमच्याही चुकीची कबुली दिली पाहिजे. निवडणूक जवळ आली की पाणीपट्टी वाढवण्याचा विषय कोणी काढत नसे, मीही काढला नाही, आणि मीटर बसवण्याचा ठराव आम्ही दोन वेळा पुढे ढकलला. वर्षाची पाणीपट्टी एका कुटुंबाच्या महिन्याच्या मोबाइल खर्चाएवढीही नसताना ती थकवणाऱ्यांत गावातील सधन घरेच पुढे होती, हे मी समितीच्या वहीत स्वतः पाहिले आहे. वसुली हे गावाचेच काम आहे आणि त्याचा दोष शासनावर ढकलता येणार नाही.

तरीही मूळ दुखणे वसुलीचे नाही, अधिकारांच्या वाटणीचे आहे. 73व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय आहेत. त्यांत पिण्याचे पाणी आहे, ग्रामीण विद्युतीकरण आहे, सामूहिक मालमत्तेची देखभाल आहे. 74व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची आली, तिच्यातील दुसराच विषय जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा आहे. अकराव्या अनुसूचीत जमीन सुधारणा आणि जमीन एकत्रीकरण आहे, पण जमिनीच्या वापराचे नियमन नाही. म्हणजे शहरात जी संस्था इमारतीला परवानगी देते तीच तिला पाणीही देते, त्यामुळे निदान एका छताखाली दोन्ही फायली एकमेकींना भेटू शकतात. गावात मात्र गावठाणाबाहेरची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालय किंवा विकास प्राधिकरण देते, प्रादेशिक योजना मंत्रालयात मंजूर होते आणि नळ मात्र ग्रामपंचायतीने द्यायचा असतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड ने गावठाणापासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीचा निवासी वापर सोपा केला, तेव्हाही हेच झाले. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले हे चांगलेच झाले, पण गावाची विहीर बहुतेक ठिकाणी त्याच 200 मीटरच्या आसपास असते, तिचा विचार कोणी केला? सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये हा निर्बंध 1993 च्या भूजल कायद्यापासून आपल्याकडे आहे. नव्या ले-आउटमधील बोअर या अंतरात येते की नाही हे अकृषिक परवानगीच्या वेळी कोणी मोजून पाहिल्याचे माझ्या सदस्यत्वाच्या काळात मी एकदाही पाहिले नाही.

एक अनुभव सविस्तर सांगते, कारण या पत्राला तोच कारणीभूत आहे. जलजीवन मिशनमधून आमच्या गावाला नवा जलकुंभ मंजूर झाला. त्यासाठी उंचावरची दोन-तीन गुंठे जागा हवी होती. गायरानाचा विचार केला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या निकालानंतर आणि त्याच वर्षी 12 जुलैला निघालेल्या शासन निर्णयानंतर गायरान जमिनीला हात लावण्याची प्रक्रिया कडक झाली आहे, आणि गुरांची हक्काची कुरणे वाचवण्यासाठी ती तशी असणे मला मान्यही आहे. प्रस्ताव वर गेला आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला. दरम्यान त्याच टेकाडाच्या उतारावर खासगी प्लॉट पाडले गेले आणि पाहता पाहता विकलेही गेले. पाइपांचे ढीग शाळेच्या कुंपणाला लागून पावसात पडून राहिले. शेवटी एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या बांधालगतची जागा बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीला दिली, तेव्हा कुठे पाया खोदला गेला. विकायला शेकडो गुंठे निघालेल्या गावात सार्वजनिक पाण्याच्या टाकीसाठी तीन गुंठे दान मागावे लागले, याचे दुःख मला आजही आहे.

असे होऊ नये म्हणून काय करता येईल, याबद्दल काही ठोस सूचना मांडते. अकृषिक परवानगी, ले-आउट मंजुरी किंवा गुंठेवारी नियमितीकरण यांच्या प्रत्येक प्रकरणात त्या जागेला पाणी कोठून मिळणार, सांडपाणी कोठे जाणार आणि त्याचा वार्षिक खर्च अंदाजे किती, याचे एक पानी विवरण ग्रामपंचायतीकडून घेणे बंधनकारक करावे. ग्रामपंचायतीने ते 45 दिवसांत द्यावे, न दिल्यास परवानगीचे काम अडू नये, म्हणजे कोणाला त्या विवरणाच्या आडून पैसे उकळण्याची संधी मिळणार नाही. ले-आउटमधील रस्ते, खुली जागा आणि पाण्याच्या टाकीची जागा नोंदणीकृत दस्ताने ग्रामपंचायतीच्या नावे झाल्याशिवाय पहिल्या प्लॉटची विक्रीही नोंदवली जाऊ नये. कागदावर दाखवलेली खुली जागा पुढे दुसऱ्याच कोणाला विकली गेल्याच्या तक्रारी ग्रामसभेत दरवर्षी येतात.

पैशांच्या बाबतीत मार्ग शासनाच्याच व्यवहारात सापडतो. तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी पूर्वी बाजारमूल्याच्या 25 टक्के, नंतर 5 टक्के शुल्क होते, आता ते शून्य झाले. छोट्या खरेदीदाराला माफी मिळाली ते बरेच झाले, पण ज्याने शेत विकत घेऊन त्याचे पन्नास तुकडे करून नफा कमावला, त्याच्याकडून सुविधा शुल्क घेऊन ते थेट संबंधित ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा खात्यात जमा का करू नये? ग्रामीण भागातील दस्तांवर जो एक टक्का जादा मुद्रांक शुल्क घेतला जातो, त्यातील ग्रामपंचायतींचा हिस्सा व्यवहार झाला त्याच वर्षी त्याच गावाला मिळावा. तो उशिरा मिळतो, तोवर बिलाची थकबाकी व्याजासह वाढलेली असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासनाने प्रकल्प उभा राहिलेल्या गावाच्या ग्रामपंचायतीला दरवर्षी 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान देण्याची तरतूद केली आहे. गावाच्या जमिनीचा वापर बदलला तर गावाच्या तिजोरीत काही आले पाहिजे, हे तत्त्व सौर पॅनेलसाठी मान्य असेल, तर माणसांच्या वस्तीसाठी ते अमान्य होण्याचे कारण दिसत नाही. आणि 2027 च्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत अनुदानाचे वाटप करताना नमुना 8 वरील घरांची संख्या विचारात घ्यावी. ती दरवर्षी अद्ययावत होते आणि तपासताही येते.

मार्च 2022 मध्ये अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ तेथे प्रशासक होते. त्या काळात गावाच्या वतीने हे प्रश्न जिल्ह्याच्या सभागृहात मांडायला निवडून आलेला माणूसच नव्हता. त्यामुळे आता ग्रामसभांनीच ते लेखी मांडावेत असे मला वाटते. आमच्या गावच्या पुढील ग्रामसभेसाठी मी वरील विवरणाचा मसुदा आणि पाण्याचे मीटर बसवण्याचा ठराव, असे दोन्ही विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी दिले आहेत. आपल्या वृत्तपत्रातून हे पत्र प्रसिद्ध झाल्यास शहरालगतच्या इतर गावांतील सदस्य, विशेषतः पाणी भरण्याचा भार ज्यांच्यावर पडतो त्या महिला सदस्य, आपल्या गावातील आकडे घेऊन असे ठराव मांडू शकतील.

आपली नम्र,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
पुणे जिल्हा