आत्या, ४३-३७ वर विषय संपत नाही

फोर्ट लॉडरडेल, रविवार

ती. आत्यास सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझं आणि बाबांचं परत तेच सुरू झालं, टेनिसमध्ये ख्रिस एव्हर्ट मोठी की मार्टिना नवरातिलोवा, आणि बाबा म्हणाले दोघींच्या आपसात ८० मॅचेस, मार्टिना ४३, ख्रिस ३७, झालं. तू गप्प बसलीस ते मला अजिबात आवडलं नाही म्हणून हे पत्र.

आज सकाळी मी हॉलिडे पार्कला खेळून आले. अगं इथेच ख्रिसचे वडील जिमी एव्हर्ट टेनिस शिकवायचे, टेनिस सेंटरला आता त्यांचंच नाव आहे, आणि ती लहानपणी इथल्याच क्लेवर, म्हणजे भुकटीच्या कोर्टावर, शिकली. ही क्ले लाल नसते, दगड दळून केलेली हिरवट करडी भुकटी असते, बूट काढले की मोज्यांवर हिरवी रेघ. बॉल पडला की जरा थांबल्यासारखा होतो आणि मग वर येतो, त्यामुळे एका फटक्यात पॉइंट मिळत नाही, पाच-सहा वेळा तरी परत मारावाच लागतो. तासभर खेळल्यावर कळतं की बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, न चुकता उभं राहायची तिची सवय कुठून आली असेल.

आता आकडे. क्लेवर दोघी १४ वेळा खेळल्या, त्यात ख्रिस ११ जिंकली. गवतावर मार्टिना १०-५. उरलेल्या ५१ मॅचेस हार्डकोर्ट आणि इनडोअर, तिथे मार्टिना ३०-२१. म्हणजे मार्टिनाची आघाडी खरी आहे, मी ती नाकारत नाहीये, पण निम्म्याहून जास्त मॅचेस जिथे झाल्या तिथे बॉल पटकन येतो आणि सर्व्ह करून नेटवर धावणाऱ्या मार्टिनाला ते सोयीचंच होतं.

आणि क्रम बघ ना. पहिली मॅच १९७३ ला अमेरिकेतल्या अॅक्रनला, ख्रिस १८ ची, मार्टिना १६ ची, ख्रिस जिंकली. पहिल्या २५ पैकी २१ ख्रिसच्या! मार्टिना १९७५ च्या यूएस ओपनच्या सेमीफायनलला ख्रिसकडूनच हरली आणि त्याच वेळी देश सोडून अमेरिकेत राहिली, १८ वर्षांची पोरगी, आईवडील तिकडे चेकोस्लोव्हाकियात. मी २६ व्या वर्षी व्हिसा, नोकरी सगळं हातात घेऊन आले तरी पहिले सहा महिने रोज रात्री रडायचे, त्यामुळे बाबांच्या मार्टिनाबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८१ ला एका फायनलमध्ये ख्रिसने तिला ६-०, ६-० हरवलं, त्यानंतर तिने व्यायाम, खाणं, सगळंच बदललं आणि मग ओळीने १३ वेळा ख्रिसला हरवलं.

माझ्या मते खरी ख्रिस त्या १३ हारींनंतर दिसते. १९८४ ची फ्रेंच ओपन फायनल ६-३, ६-१ अशी मार्टिनाकडे गेली होती, कुणीही म्हणालं असतं आता बास. पण १९८५ च्या जानेवारीत तिने इथेच फ्लोरिडात ती साखळी तोडली आणि जूनमध्ये पॅरिसला परत तीच फ्रेंच ओपन फायनल, ख्रिस ६-३, ६-७, ७-५ जिंकली. शेवटच्या पॉइंटला मार्टिना नेटवर आली आणि ख्रिसने बॅकहँड सरळ लाइनच्या बाजूने तिच्या शेजारून काढला, मी तो तुकडा किती वेळा बघितलाय सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी पॅरिसला परत ख्रिसच. शेवटी सिंगल्सची ग्रँड स्लॅम, म्हणजे चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, दोघींची सारखीच, १८-१८. हे बाबांना सांगितलंस का कधी?

त्या दोघींची मैत्री मात्र टिकली गं. १९७६ ला विम्बल्डनची डबल्स एकत्र जिंकल्या होत्या, आणि आता इतक्या वर्षांनी दोघींना कॅन्सर झाला तेव्हाही एकमेकींच्या सोबत होत्या.

पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि १९८५ च्या फायनलची लिंक मी दादाला पाठवलीये, तो टीव्हीवर लावून देईल. तिसरा सेट पूर्ण बघा, मधे चहाला उठू नका.

तुझी,
धाकटी