स्नोबोर्डचं बाइंडिंग पारखून घ्या

प्रति,
संपादक महोदय,

जानेवारी उजाडला की गोव्यातून गुलमर्ग, सोलंग, औलीकडे निघणारे तरुणांचे गट आता दर वर्षी दिसतात. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांत जे लेख येतात त्यांत जॅकेट कुठलं घ्यावं, राहायचं कुठे, गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट कसं काढायचं, सगळं असतं. पायांबद्दल एक ओळ नसते. मी म्हापशात फिजिओथेरपी करते, गुलमर्गला स्वतः स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरणं, शिकले आहे, आणि फेब्रुवारीत माझ्याकडे येणारी मुलं जे सांगतात ते ऐकून हे पत्र लिहिते आहे. चवडा बधिर झाला, पोटऱ्यांत गोळे आले, बोर्ड वळतच नव्हता. दोष बोर्डाला दिला जातो. थोडी चौकशी केली की बहुतेक वेळा गाडी बूट आणि बाइंडिंगवर येऊन थांबते.

बूट बोर्डाला जखडून ठेवतं ते बाइंडिंग. खाली बैठक, मागे पोटरीला टेकणारी उभी पाठ म्हणजे हायबॅक, घोट्यावर एक पट्टा आणि बोटांवर दुसरा. स्कीचं बाइंडिंग जोराचा पीळ बसला की बूट सोडून देतं. स्नोबोर्डचं सोडत नाही. पडलात तरी दोन्ही पाय बोर्डालाच. दिवसभर ज्यात पाय अडकून राहणार, ती वस्तू भाड्याच्या दुकानात पाच मिनिटांत घाईघाईने उचलली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे. आपण गोवेकर वर्षभर चपलांत वावरतो. घट्ट बूट म्हणजे चुकीचा बूट असं आपल्याला वाटतं, म्हणून मुलं एक नंबर मोठा मागतात आणि वर दोन-दोन मोजे चढवतात. मग वळताना बुटात टाच उचलते. ती उचलू नये म्हणून घोट्याचा पट्टा करकचून ओढला जातो, पावलावरच्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बोटं सुन्न होतात. बूट सैल घेतला म्हणूनच पाय आवळला गेला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत. बूट इतका अंगासरसा हवा. मोजा एकच, पातळ आणि लोकरीचा.

बूट नीट बसला की बाइंडिंगकडे वळा. घोट्याचा पट्टा पाऊल जिथे वाकतं तिथे, मधोमध यावा. नडगीवर चढला तर दिवसभर टोचतो. बोटांवरचा पट्टा बुटाच्या टोकाला धरून टाच मागे खोबणीत ढकलणारा असेल तर उत्तम. पट्टे आवळण्यापूर्वी टाच मागे दाबून बसवायची. आवळल्यावर वाकून टाच उचलून बघायची: बूट बाइंडिंगमध्ये हलला, तर घोट्याने दिलेला जोर बोर्डाच्या कडेपर्यंत उशिरा पोचणार. बोर्ड ऐकत नाही, असं मुलं म्हणतात ते हेच. रॅचेटचे, म्हणजे पट्टा आवळणाऱ्या खटक्याचे, दात झिजलेले असतील तर ते बाइंडिंग परत करा, संकोच करू नका. बोर्डाच्या दोन्ही कडांवर बुटाचं टोक आणि टाच सारखीच बाहेर आली पाहिजे, नाहीतर एका बाजूचं वळण जड जातं.

बाइंडिंगच्या लवचीकपणाचे आकडे 1 (मऊ) ते 10 (कडक) असे देतात. ती मापं कंपनीगणिक बदलतात, पण दिशा कळायला पुरतात. फार कडक बाइंडिंग वेगात उतरणाऱ्या सरावलेल्यांसाठी ठीक. नवशिक्याचा घोटा नकळत हलतो, कडक बाइंडिंग तो प्रत्येक हेलकावा बोर्डाला कळवतं, कड बर्फात रुतते आणि माणूस आपटतो. नवशिक्याने मऊ ते मध्यम घ्यावं. हायबॅक पुढे झुकवला की टाचेकडची कड पटकन लागते, पण मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. सुरुवातीला तो झुकाव जवळपास शून्यावर ठेवावा. पुढचा पाय 15 अंश बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे आणि मागचा 6 ते 9 अंश मागच्या टोकाकडे वळवून बहुतेकांना सोयीचं पडतं. बाइंडिंगचे स्क्रू पहिल्या एक-दोन उतारांनंतर पुन्हा आवळावेत.

बाइंडिंग चांगलं मिळालं म्हणजे इजा टळतेच असं नाही. नवशिक्यांची मनगटंच जास्त मोडतात, तेव्हा मनगटाचे गार्ड घालाच. आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या जरा खाली, दुखणं राहिलं तर मुरगळलंय म्हणून तेल चोळत बसू नका. घोट्यातल्या टॅलस या हाडाचा बाहेरचा भाग मोडण्याची इजा स्नोबोर्ड करणाऱ्यांत इतकी आढळते की तिला त्यांचंच नाव पडलं आहे. साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो.

विकत घ्यायचंच असेल तर पैसे आधी बुटांत घाला, बाकी भाड्याने चालतं. बाइंडिंग मागवताना ते बोर्डावरच्या स्क्रूच्या भोकांच्या रचनेशी जुळतं का ते बघा. बर्टन कंपनीने 2017 मध्ये आणलेलं बिनपट्ट्यांचं स्टेप ऑन घ्यायचं असेल, तर त्याला जुळणारेच बूट लागतात. साधा बूट त्यात बसत नाही.

गोव्यातून कॉलेजच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या सहल आयोजकांना माझी विनंती आहे. नाव, वय, रक्तगट लिहून घेता त्याच अर्जात पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, कारण या बुटांवर बहुधा तेच माप छापलेलं असतं. ते दुकानाला आधी कळवा. आणि पहिल्या सकाळी उतारावर जाण्याआधी अर्धा तास फक्त बूट आणि बाइंडिंग बसवण्यासाठी राखून ठेवा. आपल्या पुरवणीतही हिवाळी सहलींच्या लेखासोबत या मापाची एक चौकट छापलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, म्हापसा