छातीत पाणी झालं की आधी जुन्या कामाचं विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीत अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कॅन्सरची लक्षणं छापलीत, विषय घेतलात म्हणून खरंच आभार, यावर कोणी फारसं लिहीत नाही. पण त्यातलं एक वाक्य वाचल्यापासून डोकं तापलंय. "काम सोडून बरीच वर्षं झाली असतील आणि काही त्रास नसेल तर काळजीचं कारण नाही." हे कोणाला विचारून छापलं? या आजारात सगळं नेमकं उलटं असतं. अॅस्बेस्टॉसची धूळ पहिल्यांदा छातीत गेल्यापासून मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, दिसायला साधारण २० ते ५० वर्षं लागतात. पंचविशीत धूळ खाल्लेला माणूस साठी-सत्तरीत आजारी पडतो, मधली सगळी वर्षं ठणठणीत असतो, आणि जितकी जास्त वर्षं उलटतात तितका धोका वाढत जातो. काम सोडलं म्हणून छातीत गेलेले अॅस्बेस्टॉसचे तंतू निघून जात नाहीत हो.

मी हे घरात बघितलंय. माझे मामा तरुणपणी बॉयलर आणि वाफेच्या पाइपांचं लॅगिंग करायचे, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर अॅस्बेस्टॉसचा लेप चढवायचे. पांढरट पावडर पिंपात ओतायची, पाणी घालून हातानेच कालवायची आणि पाइपावर थापायची. जुनं वाळलेलं लॅगिंग फोडून काढायचं काम त्याहून वाईट, खिडकीतून उन्हाची तिरीप आली की हवेत सगळीकडे भुगा चमकताना दिसायचा असं ते सांगायचे, आणि तोंडाला काय तर रुमाल. पुढे त्यांनी ते काम सोडलं, हिशेबाच्या टेबलावर बसले ते रिटायर होईपर्यंत. त्यामुळे नातेवाईकांत कोणालाही विचारलं तर मामा म्हणजे हिशेबनीस, ते लॅगिंग कोणाच्या लक्षातही नव्हतं.

मग कधीतरी जिना चढताना दम लागायला लागला. मधेच थांबून मोबाइल बघितल्यासारखं करायचे, आम्हाला वाटायचं वय झालं. उजव्या बरगडीखाली आणि पाठीत, खांद्याच्या फऱ्याजवळ, एक बोथट दुखणं सतत असायचं, त्या कुशीवर झोपता येईना. कोरडा खोकला. शर्टाची कॉलर सैल झाली. हॉस्पिटलमध्ये फोटो काढला तर छातीत एका बाजूला पाणी. पाणी काढलं, लालसर होतं, तपासायला पाठवलं तर त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी परत भरलं, परत काढलं, परत भरलं.

आता माझी खरी तक्रार ऐका. मामांना प्रत्येकाने विचारलं, सिगरेट ओढता का? मामांनी आयुष्यात सिगरेट ओढली नाही, ते "नाही" म्हणाले की समोरच्याच्या मनातून कॅन्सर निघूनच जायचा. आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द, "निवृत्त". एवढे कागद जमले, प्रत्येक कागदावर तोच शब्द उतरवलेला. निवृत्त कशातून? त्याच्या आधी काय करत होतात, अगदी पहिलं काम कुठलं होतं, हे एकाने तरी विचारायला नको का? शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचं आवरण जाड आणि खडबडीत झालेलं बघितलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, कधी बॉयलर, जहाज, पत्रे, ब्रेक लायनिंग असलं काही काम केलंय का?" मामा म्हणाले, हो, लॅगिंग. मग दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा कॅन्सर पुष्कळदा सापडत नाही, तुकडाच लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. तुमच्या लेखात याचा साधा उल्लेख नाही!

कोणी म्हणेल लवकर कळून तरी काय, हा आजार तसा फार वाईटच. पण फरक पडतो. पाणी काढल्यावर फुफ्फुस फुगत असेल तोवर आवरणाच्या दोन पदरांमधली जागा औषध टाकून बंद करता येते, म्हणजे सारखं पाणी भरत नाही, माणूस श्वास घेऊ शकतो. मामांचं निदान होईपर्यंत फुफ्फुस आवळून बसलं होतं, पाणी काढलं तरी ते फुगेना. नको त्या गोळ्यांत गेलेले ते महिने त्यांना किमान नीट झोपता तरी आलं असतं.

सिगरेटचं पण तुमच्या लेखात सगळं एकत्र कालवलंय. अॅस्बेस्टॉसने फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो, आणि तिथे सिगरेट आणि ही धूळ एकत्र आली तर धोका कैक पटींनी वाढतो, त्यामुळे अशा कामातल्या माणसाने सिगरेट सोडलीच पाहिजे. पण मेसोथेलिओमाचा सिगरेटशी संबंध नाही. व्यसन नाही म्हणून बिनघोर राहणाऱ्यांना हे ठळक अक्षरात सांगायला हवं होतं. तसंच पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा, त्यात पोट फुगतं, पाणी होतं, भूक जाते, शौचाची सवय बदलते, आणि माणूस गॅसच्या गोळ्या घेत बसतो. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कॅन्सरसुद्धा अॅस्बेस्टॉसने होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनेच सांगितलेलं आहे. म्हणजे आवाज बसून आठवडेच्या आठवडे सुटत नसेल तर तेही दाखवायला हवं. यातलं कुठलंच लक्षण असं नाही की ते दिसलं म्हणजे अॅस्बेस्टॉसच, दम तर शंभर कारणांनी लागतो, म्हणून तर पूर्वीचं काम स्वतःहून सांगणं इतकं महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा.

आणि ज्यांनी ते काम कधी केलंच नाही त्यांचं काय? १९६० साली वॅगनर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण मांडले, त्यात नुसते लहानपणी खाणीजवळ राहिलेले लोकही होते. १९६५ साली लंडनच्या अभ्यासात कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकाही सापडल्या. माझी मामी रोज संध्याकाळी मामांचे कामाचे कपडे दारात झटकायची आणि मग भिजत घालायची. मामा गेल्यानंतर मोठ्या मुश्किलीने तिला तपासणीला तयार केलं होतं, आणि काल तुमची पुरवणी हातात घेऊन ती मला म्हणते, "हे बघ, पेपरात आलंय, इतकी वर्षं झाली म्हणजे काळजी नाही, आता मी नाही येत." छापलेल्या शब्दावर लोकांचा इतका विश्वास असतो, संपादक साहेब. तेव्हा ते वाक्य चुकीचं होतं असं त्याच पुरवणीत, त्याच पानावर, लोकांना दिसेल अशा अक्षरात छापा. आतल्या पानावर दोन ओळींची शुद्धी नको.

जाता जाता तो लेखासोबतचा फोटो. एक माणूस जुना पत्रा हातोड्याने फोडतोय आणि तोंडाला साधा निळा सर्जिकल मास्क, खाली ओळ "काळजी घ्या". हे तंतू इतके बारीक असतात की असला मास्क त्यांना अडवत नाही, त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा खास फिल्टरचा मास्क लागतो. आणि मुळात असा पत्रा फोडायचाच नसतो, कोरडा झाडायचाही नसतो, हात लावायची वेळ आलीच तर आधी ओला करायचा आणि शक्यतो माहितगाराकडूनच काढून घ्यायचा. तो फोटो बघून उद्या कोणी तसाच मास्क लावून पत्रा फोडायला घेतला तर? कृपया तोही बदला.

आपली,
एक जुनी वाचक