झबलं अजून कपाटात आहे

अहिल्यानगर (मी अजून नगरच म्हणते)

प्रिय आशिष,

प्रभू येशूच्या नावात सलाम. हा सलाम आता तुला चालतो की नाही ठाऊक नाही, पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही.

अमेरिकेतल्या डॅलसचं तुझं चर्च सोडल्याचा तुझा मेसेज तीनदा वाचला. ‘डिकन्स्ट्रक्शन’ वाचून आधी वाटलं, घराचं पाडकाम काढलंस. मग कळलं, पाडकामच आहे, पण विश्वासाचं. एकेक वीट काढून बघायची, कुठली येशूची आणि कुठली कुणी मागाहून बसवलेली. तुझ्या पप्पांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून गेटला कुलूप लावून आले. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

आधी माझी चूक सांगते. जून 2020 मध्ये ट्रम्प व्हाइट हाउसजवळच्या सेंट जॉन्स चर्चपुढे बायबल उंचावून उभे राहिले, तो फोटो घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता, हात जोडून. तू तेव्हा काहीच लिहिलं नाहीस. फोटोच्या थोडं आधी तिथल्या चौकातल्या निदर्शकांना धूर सोडून हुसकावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मला फक्त पुस्तक दिसलं. आपलं पुस्तक एवढ्या मोठ्या माणसाने चारचौघांत वर धरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, पाघळले. वॉशिंग्टनच्या बिशप मॅरिअन बडी त्या फोटोवर तेव्हाच उघड चिडल्या होत्या. त्याच बाई 2025 च्या जानेवारीत, शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, ट्रम्प समोर बसलेले असताना, घाबरलेल्यांवर दया करा म्हणाल्या. ती क्लिप तू पाठवलीस. या वेळी हातबित जोडले नाहीत, पुन्हा लावून ऐकली.

आपण इथे मूठभर. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा पुरता भरत नाही. नाताळच्या फेरीची परवानगी मागायला पप्पा चौकीत जातात ते इस्त्रीचा शर्ट घालून. ख्रिस्ती माणूस संख्येने भारी आणि सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसला की कसा वागतो, हे डॅलसला तुझ्याकडे येईपर्यंत मला माहीतच नव्हतं. तुझ्या चर्चमधला तो जुलैतला रविवार आठवतो? वेदीच्या जागी झेंडा, सगळे छातीवर हात ठेवून उभे, आणि मी साडीत मधेच अर्धी उठलेली. स्मिताने पदर ओढून बसवलं. प्रभुभोजन आहे की ध्वजवंदन, मला कळेना.

पण स्मिताच्या सिझेरियननंतर पंधरा दिवस फॉइलच्या ट्रेमधून जेवण आणणारे तेच लोक होते, हेही मी विसरत नाही. कॅसरोल नावाचा तो चिकट प्रकार मी मुकाट खाल्ला. आणि बायबलच्या वर्गात तू परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा असं सांगणारं लेवीयातलं वचन वाचलंस तेव्हा ‘हे डेमोक्रॅट लोकांचं बोलणं झालं’ म्हणणारेही तेच. ट्रेही खरे आणि तेही खरं. एका माणसात दोन्ही कसं मावतं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. रसेल मूर यांचं तू लिहिलंस, ते वाचून बसूनच राहिले. सदर्न बॅप्टिस्ट या तिकडच्या मोठ्या ख्रिस्ती पंथातला एवढा मोठा माणूस 2021 मध्ये बाहेर पडतो आणि सांगतो की, पाळकाने ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हटलं तर मंडळीतली माणसं उपासनेनंतर विचारतात, ही डावी भाषा कुठून आणली! अरे, खुद्द येशूचं डोंगरावरचं प्रवचन ते!

गंमत बघ. आपल्याकडे जे पहिले अमेरिकन मिशनरी आले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, ते 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना ‘चालते व्हा’ म्हटलं होतं. मग गुपचूप जहाजात बसून कोचीनला पळाले, तिथून परत आणले गेले. आपला सारा अमेरिकन मराठी मिशनचा गोतावळा, ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, शाळा, हे सगळं नको असलेल्या परक्यांच्या पायगुणाने आलं. हे त्या वर्गात सांगायला हवं होतंस.

प्रश्न विचारल्याबद्दल मी तुला काय बोलणार? पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या त्यांच्या गुरू, जोगीण सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडायला लागल्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिघे एकच, हे त्रैक्याचं शास्त्रात कुठे आहे, बिशप म्हणतो म्हणून का मानायचं. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी लिहून टाकलं. येशूला मात्र सोडलं नाही. केडगावला अखेरपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. तूही तसाच परतशील, असं सुचवत नाहीये. रमाबाई रमाबाई होत्या, तू तू आहेस.

एका वाक्याला मात्र माझी हरकत आहे. ‘मला जे शिकवलं ते सगळं राजकारणच होतं,’ असं तू लिहिलंस. त्या वर्गात तुला जे शिकवलं त्याबद्दल म्हण, पण आजोबांना त्यात ओढू नकोस. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेली सुकडी ते आधी शेजारच्या घरात अर्धी देऊन येत आणि मग आपल्या पोरांना वाढत. आजी यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडायची. त्यांना कुणी रिपब्लिकन म्हटलं असतं तर बाबासाहेबांचा पक्ष, एवढंच त्यांना कळलं असतं. तू काढतोयस त्या विटांत ही एक त्यांची आहे. काढायचीच तर काढ, पण कुणाची आहे ते बघून.

चर्चला गेलास का, हे फोनवर विचारणार नाही. पप्पा विचारतील, त्यांना आवरणं माझ्या हातात नाही.

आता छकुलीच्या बाप्तिस्म्याचं. ती मोठी होऊन स्वतः ठरवू दे, म्हणतोस. तुझं ते सोडलेलं चर्चही नेमकं हेच म्हणतं, लेकरांना देत नाही, कळत्या वयातच देतं! एवढ्या एका बाबतीत तुमचं जमलं म्हणायचं. तुझ्या बाप्तिस्म्याचं पांढरं झबलं मी डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवलंय. परवा फोटोत तिचे दंड पाहिले, आता तिला ते होत नाही. स्मिताला विचार, बाहुलीसाठी पाठवू का.

तुझी,
आई