नर्स प्रॅक्टिशनर कोर्सबद्दल, सगळ्या सिस्टरांनी नीट वाचा

ताईहो, दोन दिवसांपासून एकच प्रश्न येऊन ऱ्हायला, नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन तपासणी-उपचाराचीही काही कामं करणारी नर्स, झालं की स्वतःचा दवाखाना टाकता येते का. नाही बाप्पा, तसं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या गंभीर पेशंटच्या देखभालीचा, नर्स प्रॅक्टिशनर कोर्स २ वर्षांचा आहे, मास्टर्स लेव्हलचा, त्याले बीएस्सी नर्सिंग अन् १ वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागते, अन् नंतरही काम हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलमधे, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांत, राहूनच करायचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ३ वर्षं किंवा ४६०० तास भरले की स्वतंत्र प्रॅक्टिसचा रस्ता उघडते, पण तो कायदा तिकडचा, तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे लावू नोका.

फॉर्म भरणाऱ्यांनी अनुभवाचं पत्र आत्ताच काढून ठेवा. माझ्या पत्रावर जॉइन झाल्याची तारीख होती, सोडल्याची नव्हती, त्या एका ओळीपायी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत एसटीनं तीन चकरा झाल्या. वॉर्डाचं नाव, दोन्ही तारखा, सही, गोल शिक्का, सगळं तिथंच उभं राहून वाचा मंगच निघा. आपल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का तेही पाहा.

जीएनएमवाल्या (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) तायांनो, बीएस्सी नाही म्हणून नाराज नोका होऊ, रात्री-बेरात्री पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाळंतपणं तुम्हीच करता, मिडवायफरीचा, म्हणजे बाळंतपणाच्या कामाचा, १८ महिन्यांचा कोर्स तुमच्यासाठी आहे. रविवारी कागद घेऊन घरी या, मी एकेक पाहून देते.